चाळीस सह्यांची एक हरकत

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण सूत रंगवण्यात पन्नास वर्षं गेली. तेवढं पुरे की.

सरकारनं रंगाच्या सांडपाण्याचा नवा नियम करायला काढला. नियम नको, असं मी कधीच म्हटलं नाही. नाला आज लाल, उद्या निळा वाहतो, ते मलाही दिसतं. पण मसुद्यात होतं, प्रत्येक कारखान्यानं पाणी साफ करायचं स्वतःचं यंत्र बसवावं. माझा कारखाना म्हणजे दोन हौद आणि सूत वाळवायची जागा. यंत्र बसवायचं तर हौद काढावे लागतील. मग ते साफ काय करणार? आमचं म्हणणं एवढंच, की गल्लीला मिळून एक यंत्र चालू द्या, नाहीतर आम्ही सगळे बंद पडतो.

हरकत घ्यायला साठ दिवस होते. मसुदा इंग्रजीत, मोबाईलवर. सरकारी कार्यालयातल्या फळ्यावरही लावला म्हणे. फळा जिन्याखाली, आणि त्याच्यापुढं कपाट! शेजाऱ्याच्या सुनेनं वाचून सांगितलं तेव्हा दोनच दिवस उरले होते.

आमच्या गल्लीची रीत अशी, की गाऱ्हाणं एकाच कागदावर आणि सह्या सगळ्यांच्या. वेगळा कागद देणारा फुटला म्हणून समजायचं. मी अर्ज लिहिला, चाळीस जणांनी सह्या केल्या, आणि तो घेऊन मी ताठ मानेनं कार्यालयात गेलो.

आवक टेबलावरच्या क्लार्कनं कागद कॉम्प्युटरात चढवला. "एक हरकत."

"एक कशी? चाळीस हायत की."

"मामा, एका कागदाला एकच नंबर पडतो. वर फक्त आकडा जातो. मोठे कारखानदार बघा, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं वेगळा कागद दिलाय त्यांनी."

"हे आमाला कुटं सांगितलं?"

"वेबसाईटवर आहे की."

"इंग्रजीत?"

"व्हय मामा," म्हणून तो हसला. हसण्यात खोट नव्हती, म्हणून तर मी जास्तच पेटलो.

घरी येऊन दिवस मावळायच्या आत दारोदार सांगून आलो, "उद्या ज्यानं त्यानं वेगळा कागद आणायचा. आपापल्या हौदाचं लिवा. मजकूर सारखा आला तर परत एकच म्हनतील."

"म्हंजे आता फुटायचं व्हय?" शेजारी म्हणाला.

"सरकारला तसंच कळतंय, तर तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी आम्ही चाळीस जण दारात उभे होतो. प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट मागितली. पंचविसाव्याला शिक्का फिका पडला.

"मामा, शाई संपली. बाकीचे ठेवून जा."

"सायेब, चाळीस रंगारी उभे हायत. कुटला रंग आणू, सांगा."

तो उठला. शाईची नवी पेटी फळ्यापुढच्या त्या कपाटातच निघाली. चाळिसावी पोच हातात पडल्यावरच मी टेबल सोडलं.