सॅकमधलं बंद मशीन

मंदारदादा निष्काळजी नव्हता. निष्काळजी मी होते.

आज वर्ष झालं. सकाळपासून तुम्ही इथे ग्रुपवर त्याचे फोटो टाकताय. कुणी लिहिलंय, 'आवडतं काम करताना गेला.'

कृपया असं लिहू नका.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी : मंदारदादा आणि केतकीवहिनी दक्षिण जर्मनीत, आल्गॉयमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी सात खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवायचे. त्याआधी ते एर्लांगेनला होते, तो गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा. मी जर्मनीत आले तेव्हा पहिले पाच आठवडे त्यांच्याकडे राहिले. माझं आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंदणीसुद्धा त्यांच्याच पत्त्यावर झाली. रक्ताचं नातं काही नाही.

हिवाळ्यात पाहुणे उठायच्या आत तो गोठलेला धबधबा चढून यायचा. साडेसातला ताज्या ब्रोटशेनची, छोट्या पावांची, पिशवी घेऊन दारात हजर, पाठीवरच्या सॅकला आइस ॲक्स तशीच. मग हात धुऊन सगळ्यांना कॉफी.

मला स्की त्यानेच शिकवलं.

"इंजिनिअरबाई, स्की करताय की एक्सेल भरताय? गुडघे वाकवा जरा!"

स्की टूरला जाताना छातीला एक छोटं मशीन बांधतात. बर्फाचा कडा सुटून माणूस गाडला गेला, तर त्याचं मशीन सिग्नल देत राहतं आणि बाकीच्यांची मशीनं तो पकडतात. दादा निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये प्रत्येकाचं मशीन तपासायचा.

बीप नाही, तर टूर नाही. पाहुणा कितीही मोठा असो.

त्या शनिवारी माझ्या मशीनचा बीप आला नाही.

आदल्या हिवाळ्यानंतर मी ते सेल न काढता कपाटात ठेवलं होतं. सेल गळले होते, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. नवे सेल घातले, तरी चालू झालं नाही.

मी मेडिकल उपकरणांची टेस्टिंग करते. हेच माझं काम आहे.

"चला, मग आज घरी. वहिनीला पिठलं टाकायला सांगतो."

"दादा, तीन महिन्यांत हा एक शनिवार मिळालाय मला."

घरातली दोन्ही जादा मशीनं हॅम्बर्गचे पाहुणे सकाळीच घेऊन गेले होते. त्याने एकदा वर उताराकडे पाहिलं. मग स्वतःचं मशीन काढलं आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

"आणि तू?"

"मी रोज जातो इथून. पाहुणीला तसंच परत पाठवलं तर वहिनी मला उपाशी ठेवेल."

माझं बंद मशीन त्याने स्वतःच्या सॅकमध्ये टाकलं.

मी नको म्हणाले नाही.

चढून गेलो. उतरताना तो पुढे, मी वर झाडांपाशी थांबलेली. उतारावर एका वेळी एकच, हाही त्याचाच नियम. तो अर्ध्यावर असताना उतारावरचा बर्फ सुटला. आवाज फार झाला नाही.

मी बेर्गवाख्टला, डोंगरातल्या बचाव पथकाला, फोन केला. मशीन शोधायच्या मोडवर टाकलं. स्क्रीनवर काही आलं नाही.

येणारच नव्हतं. मला कारण माहीत होतं. तरी त्याने शिकवलं होतं तसं एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात सगळा भाग शोधला. मग काठीने टोचत राहिले.

बेर्गवाख्टच्या कुत्र्याला तो पावणेदोन तासांनी सापडला.

खाली पोलिसांनी सॅकमधलं मशीन दाखवून विचारलं, "हे त्यांचंच?"

मी म्हणाले, "हो."

तेव्हा मी घाबरले होते. पण पुढचं वर्षभर मी घाबरलेली नव्हते. तरी गप्प राहिले.

रिपोर्टमध्ये आलं, मृताकडे बंद पडलेलं उपकरण होतं. मग ते आपल्या ग्रुपवर आलं. 'एवढा अनुभवी माणूस, साधी बॅटरी बघितली नाही!' मी वाचलं. खाली हात जोडलेला इमोजी टाकला.

दादाचे वडील, अण्णा, कोल्हापूरला आयटीआयमध्ये लेथ शिकवायचे. त्यांचा मला दर महिन्याला फोन यायचा.

"अगं, तो सायकल काढायचा तरी आधी ब्रेक दाबून बघायचा. असा कसा गेला तो? तू होतीस ना तिथे?"

"होते, अण्णा."

"मग?"

"अण्णा, इकडे रेंज नाहीये नीट."

ऑगस्टमध्ये अण्णा गेले. आपला मुलगा हलगर्जी झाला, हे मानून गेले.

मागच्या रविवारी मी आल्गॉयला गेले. गेस्ट हाऊसचा करार संपतोय, वहिनी एकटीच सामान बांधत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

वहिनी चादरीची घडी घालत राहिल्या.

"माहीत आहे मला. पोलिसांनी सामान परत दिलं ना, तेव्हाच उघडून बघितलं. सेलच्या झाकणाच्या आत तुझ्या नावाचं लेबल आहे. तू प्रत्येक वस्तूला लावतेस तसं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी सांगितलं असतं तर बायको नवऱ्याची बाजू घेतेय, असं झालं असतं. अण्णांना तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी थांबले. तू सांगशील म्हणून थांबले."



त्या घरातून निघताना मी कायम 'जाते' म्हणायचे आणि वहिनी कायम दटावायच्या, 'येते म्हण गं.' रविवारी मी म्हणाले, "वहिनी, जाते."

त्या म्हणाल्या, "हं."

म्हणून हे इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. ज्यांनी त्याला बेफिकीर म्हटलं त्यांनी तो शब्द मागे घ्यावा, आणि कुणाला म्हणायचाच असेल तर मला म्हणावा. यातून काही सुधारणार नाही, हे मला कळतं. अण्णांना हे वाचता येणार नाही.

खाली माझं सांत्वन करू नका. 'तुझी चूक नाही' असं लिहू नका.

मंदारदादा, तुझ्यासाठी श्रद्धांजली लिहायचा हक्क मला नाही.

नुसता नमस्कार करते.