दार लावायचं बटण

काल बावड्यातल्या आमच्या जुन्या घरात साखर कारखान्याच्या मळीचा वास शिरला आणि लहानपणच्या सुट्टीतली ती दुपार आठवली. कॉम्प्युटरवर भुताच्या बंगल्याचा गेम होता. बाणांची बटणं मी दाबत होते, माउस माझ्या थोरल्या बहिणीकडे, तायडीकडे होता. तिच्या दुसऱ्या, घामेजलेल्या हातानं माझं मनगट आवळलं होतं. गेममध्ये मागं भुताची पावलं वाजली.

"पळ की गं! आलं बघ!" तायडी किंचाळली.

सुट्टीभर आम्ही नुसत्या पळतच राहिलो.

काल तायडीची लेक माझ्याशेजारी तोच गेम खेळत होती. पावलं वाजताच तिनं एक बटण दाबलं आणि पडद्यावरच्या खोलीला कडी लागली.

"मावशी, दार लावता येतंय की! तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. मी नकळत मनगट चाचपलं. पळताना निदान तायडीचा हात तरी मनगटावर होता.