मुद्देमालातली पांढरी कपची

तो पाय मी अजून विसरलेलो नाही.

हरसूलकडच्या एका पाड्यावरचं कुटुंब. घरचा भात पौषापर्यंत कसाबसा पुरायचा, पुढे पोट भरायला बाहेर. त्या वर्षी घरधनी गुजरात किनाऱ्यावर मच्छीमार बोटीवर गेला आणि हंगाम अर्धा टाकून, फाटलेली पोटरी लुंगीत बांधून परत आला.

मी तेव्हा तिकडच्याच एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मजुराचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर. आपल्याला कळत नाही असं फारसं काही नसतं, अशी माझी समजूत होती.

एक निनावी फोन आला. "मेहुण्यानं कोयता घातलाय. दोघांची लय भांडणं झाली."

दवाखान्यात गेलो. पोटरीवर अर्धगोल जखम, थेट कोयत्याच्या पात्यासारखी; पलीकडच्या बाजूचे व्रण मी लक्षातच घेतले नाहीत. डॉक्टरांनी जखमेतून निघालेली एक पांढरी कपची दिली. कोयता दगडावर आपटला असणार, असं मी ठरवूनच टाकलं. पंचांसमक्ष पाकीट सील करून वर लिहिलं, 'दगडाची कपची, एक'.

जबाबात जखमी म्हणाला, "मासा चावला."

"कुठं रे, गंगेत?" हवालदारांनी विचारलं. आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. "रामकुंडावर अंघोळीला गेलता का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर त्या माणसाने तोंड मिटलं ते मिटलंच.

मेहुण्याला चौकशीला आणलं. सातपूरच्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार. कायम होणाऱ्यांची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. गुन्हा दाखल झाला की नाव कटणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"साहेब, कोयता माझा हाय. पन पाय मी नाय तोडला."

"मग भांडण कशाचं?"

"दवाखान्यात चल म्हनून वरडलो. पाय सडंल म्हटलं. तर म्हने, पोलीस धरतील. ज्याला लागलं त्यालाच कशाला धरतील, साहेब?"

मी कोयता तपासला, शेजाऱ्यांना विचारलं. कोयत्यावर रक्त नाही, शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकला पण शब्द ऐकले नाहीत. काहीच जुळेना.

दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार. बंदोबस्त बघताना सुक्या मासळीच्या पालाशी थांबलो. विकणारी बाई किनाऱ्याकडची. सहज म्हणून तिला मोबाइलवर जखमेचा फोटो दाखवला.

"दादा, कोयता एका अंगानं लागतो. हे दोन्हीकडून हाय. तोंड हाय हे. मुशी चावली. तुमी शिकलेले शार्क म्हनता ना, तीच." मी कपचीचं सांगितलं, तर म्हणाली, "कडेला करवतीवानी दाते हायेत का, बघितलं?"

बघितलं नव्हतं. ठाण्यात परतून पंचांसमक्ष पाकीट उघडलं, भिंग धरलं. दाते होते. दगड नव्हे, तो दात होता.

कपची घेऊन जखमीसमोर बसलो. "मी हसायला नको होतं," म्हणालो. तेव्हा तो बोलला.

"बोट चालवनारा तांडेल म्हनला, त्या जातीची मुशी धरायला बंदी हाय, बोललास तर तूच जेलात जाशील. पंखांना गिऱ्हाईक हाय, साहेब. पंख मीच कापले. मासा जिता होता. धड परत दर्यात ढकलाया धरलं, तर वळला."

"म्हणजे पहिला वार तुझा?"

"माझाच. त्याच्यापाशी कोयता कुठं होता?"

अहवाल लिहिताना माझा हात अडला. फिर्यादी कोण, आरोपी कोण? शेवटी मजकूर जसाच्या तसा किनाऱ्यावरच्या पोलिसांना आणि वन विभागाला पाठवला. पुढे या विषयावर मिळेल ते वाचलं. शार्क माणसाला मारते त्याच्या कितीतरी पट माणूस शार्कला मारतो. तरी 'आरोपी'च्या रकान्यात काय लिहायला हवं होतं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र कळलं की, जबाब देणाऱ्याला हसलं की अर्धा तपास तिथेच मरतो.

मेहुण्याला त्याच दुपारी सोडलं. जखमीचा पाय वाचला. आणि शनिवारी सातपूरच्या यादीत मेहुण्याचं नाव लागलं.