खालच्याने उत्तर का दिलं नाही

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करतात आणि सिनेमातल्या झाडून सगळ्या अंतराळयानांवर नाराज आहेत. नाराजीचं कारण दारं. यान कुठल्याही आकाशगंगेत जाऊ दे, आतला राक्षस कितीही हातांचा असू दे, मामांची नजर दारावर. दार सर्रकन बाजूला झालं की ते सोफ्यावर पुढे सरकतात. "बघ बघ, मधे कुणाचा हात आला असता तर? सेन्सर कुठाय?" मग नायक भिंतीतली पेटी फोडतो, दोन वायरी एकमेकींना चिकटवतो आणि बंद दार उघडतं. इथे मामा टीव्ही थांबवतात. "दोन वायरी अशा जोडल्या की फ्यूज उडतो, दार नाही उघडत. जन्म गेला माझा दारांत."

नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा वाटलं होतं, रविवारी दुपारी तरी निवांत ताणून देता येईल. कसलं काय! जेवणं झाली की पडदे ओढायचे, मामांनी रिमोट पुसायचा आणि बरोबर त्याच वेळी दारात खालचे काका उभे. हातात बिस्किटांचा पुडा आणि तोंडावर लग्नाला आल्यासारखा आनंद.

खालचे काका म्हणजे मामांचे कामातले जोडीदार. लिफ्टचं काम एकट्यादुकट्याचं नाही. एकजण गच्चीवर मशीनच्या खोलीत आणि दुसरा तळाला, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात. मामा कायम वर, काका कायम खाली. म्हणून आमच्याकडे ते 'खालचे काका' आणि त्यांच्या घरी आमचे मामा 'वरचे'. हे कळल्यावर मामी म्हणाली होती, "अजून गेले नाहीयेत वर, तोवर म्हणून घ्या."

दोघांचं वेड एकच असलं तरी मतं सारखी होती असं समजू नका. कालप्रवासाचे सिनेमे मामांना मुळीच खपत नाहीत. "आधी चुका करायच्या आणि मग मागे जाऊन पुसायच्या, ही शुद्ध पळवाट आहे." काकांना तेच सिनेमे आवडत. त्यांचं म्हणणं, माणसाला मागे जाऊन एक वाक्य बदलायला मिळालं तरी पुष्कळ. मात्र खलनायकाच्या यानातल्या त्या अथांग खोल विहिरींवरून दोघांचं एकमत होतं. "एवढं मोठं साम्राज्य आणि साधा कठडा लावता आला नाही यांना!" आणि स्फोट होणाऱ्या यंत्रावर उलटं मोजणारं घड्याळ दिसलं की दोघं एकमेकांना टाळी देत. घड्याळ कुणाच्या सोयीसाठी लावलंय, हे मलाही आजवर कळलेलं नाही.

पण खरा जीव जपानी ॲनिमेवर, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांवर. आधी मी हसायचे. बशीएवढे डोळे, रंगीत केस आणि एकेक मारामारी तीन-तीन भाग चालणारी! मला तर पिवळ्या केसांचा एक मुलगा दुसऱ्यापासून ओळखू यायचा नाही. मामी एकदा पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "खालची पट्टी वाचायचीच असेल तर मग पेपर वाचा की." आपल्या भाषेतले आवाज मामांना चालत नसत. सुरुवातीचं गाणं पुढे ढकललेलंही चालत नसे, ते गाणं म्हणजे त्यांच्या मते दुकान उघडल्यावर शटरला केलेला नमस्कार होता.

"अगं, यांच्या यंत्राला मेकॅनिक असतो," मामा मला समजावत. "आपल्या इंग्रजी यानात कुणी कधी बोल्ट पिळताना दिसलाय? इथे बघ, लढाई संपली की एक म्हातारा पाना घेऊन रोबोच्या गुडघ्यात शिरतो. तेल गळतं. तेल गळतं म्हणजे ते यंत्र खरं!"

आणखी एक गोष्ट होती, तिला सगळं जग हसतं. त्या मालिकांमधली मुलं वार करण्याआधी वाराचं नाव बेंबीच्या देठापासून ओरडतात. मी म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे, शत्रूला आधीच कशाला सांगायचं? त्यावर मामा आणि काका दोघंही माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू मी कुणा पूज्य माणसाची टिंगल केली होती.

"आधी ओरडायचं, मग करायचं," काका म्हणाले. "ती मुलं आमच्या खात्यातली आहेत."

त्यांच्या कामाचा नियमच तसा आहे. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिला ते शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या दोन टोकांना दोन माणसं, एकाला दुसरा दिसत नाही, मधे काही टन लोखंड. म्हणून वरच्याने ओरडायचं, "केबिन वर घेतोय!" आणि खालच्याने तेच्या तेच शब्द परत ओरडायचे, "केबिन वर घेतोय!" मगच हात लावायचा. खालचा ओरडला तर वरच्याने तेच परत करायचं. 'हो' म्हणून चालत नाही. 'हो' काय, माणूस पेपर वाचतानाही बायकोला म्हणतो, असं मामांचं म्हणणं. आणि हा उलट बोल आलाच नाही, तर काहीही होवो, बोट हलवायचं नाही. वर्षानुवर्षं हे करून दोघांना अशी सवय लागली होती की मामांनी आमच्या स्वयंपाकघरातून "चहा टाकतोय!" म्हणून हाक दिली की बाहेर सोफ्यावरून काका ओरडत, "चहा टाकतोय!"

अशी ही जोडी एका मालिकेपायी फुटली.

मालिका एका महाकाय रोबोची होती. त्यात दोन वैमानिक, एक डोक्यात बसणारा आणि एक पायांत. शेवटच्या भागात रोबो कोसळायला लागतो. डोक्यातल्याची खुर्ची तेवढी सुटून बाहेर पडू शकते. तो रेडिओवरून खाली हाक देतो, "मी निघतोय!" खालून उत्तर येत नाही. तो पुन्हा हाक देतो. पडदा पांढरा होतो आणि मालिका संपते. मी म्हटलं, हा काय शेवट झाला? पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"मेला बिचारा," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"मेलाबिला काही नाही," मामा म्हणाले. "शेवटी रेडिओ खरखरला. मी ऐकलं. रेडिओ चालू म्हणजे माणूस जिवंत."

"कसली खरखर? उत्तर नाही आलं त्याचं. खालचाच मरतो रे नेहमी. वरच्याची खुर्ची सुटते."

इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण वादात मामांच्या जिभेला हाड नसतं. ते म्हणाले, "आणि मेला तरी काय मोठंसं? खालच्याला काय, नुसते पायच तर हलवायचे होते. डोकं वरच्याचं."

काकांनी कपातला चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला, मामीला "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. बिस्किटांचा पुडा अर्धा तसाच राहिला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

गंमत अशी की ज्यांच्याशी अबोला धरला, त्यांच्याशीच दोघांना दिवसभर ओरडून बोलावं लागत होतं. कामावर बोलणं बंद केलं असतं तर कुणाचा तरी हात गेला असता. त्यामुळे एक घुश्शात ओरडायचा, दुसरा त्याचेच शब्द घुश्शात परत करायचा आणि संध्याकाळी दोघं दोन वेगवेगळ्या फुटपाथांनी घरी. रविवारी मामा एकटे बसत. दारांवर टीका करत, पण टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली ठेवत. मला फार वाईट वाटायचं. मी एकदा टाळीला हात पुढे केला, तर म्हणाले, "तुझं वेळेचं गणित चुकतं."

असे काही महिने गेले. मग मामीने बातमी आणली. काका काम सोडत होते. त्यांच्या मुलीने आईवडिलांना आपल्याकडे कायमचं राहायला बोलावलं होतं, विमानाने जायचं इतक्या लांब. शुक्रवारी शेवटचं काम, शनिवारी निघणार.

"जाऊ दे," मामा म्हणाले आणि रिमोट पुसायला लागले. पुसतच राहिले.

त्या आठवड्यात मामांनी कामावरून आल्यावर रोज तो शेवटचा भाग लावला. आवाज पूर्ण वाढवून, टीव्हीला कान लावून. शेवटी मलाच बोलावलं. "तुझे कान तरुण आहेत. खरखर येते का सांग."

मी दोनदा ऐकलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण जिवावर आलं. "नाही येत, मामा."

"मलाही नाही येत," ते म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला. "त्या खड्ड्यात मी आजवर एकदाही उतरलेलो नाही गं. आणि त्याला म्हणालो, नुसते पाय हलवायचे."

"मग सांगा ना त्यांना तसं."

"कसं सांगायचं? मला दारं दुरुस्त करता येतात."

योगायोग म्हणा, शुक्रवारचं काम नेमकं माझ्या नोकरीच्या इमारतीत निघालं. मी एका दातांच्या डॉक्टरीण बाईंकडे स्वागतकक्षात बसते, तिसऱ्या मजल्यावर. आमची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधे अडकून बसली होती आणि सुजलेल्या गालांचे पेशंट जिने चढून धापा टाकत येत होते. मी खाली गेले तेव्हा दोघं हत्यारांची पेटी मधे ठेवून उभे होते, एकमेकांकडे न बघता.

मामांनी खिशातून मशीनच्या खोलीची किल्ली काढली. ती किल्ली ते मामीलाही हात लावू देत नाहीत. काकांपुढे धरली आणि म्हणाले, "आज तू वर जा. खाली मी जातो."

इतक्या महिन्यांतलं हे पहिलं बिनकामाचं वाक्य. काकांनी किल्लीकडे बघितलं, मामांच्या पोटाकडे बघितलं. "मावशील का?"

"बघू."

"शेवटच्या दिवशी जिने चढायला लावतोस," काका पुटपुटले, पण किल्ली घेतली.

मामा कसेबसे मावले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर अडकले, पट्टा सैल केला, पुन्हा उतरले. आत काळं तेल साचलेलं होतं आणि डोक्यावर लटकत होती ती अख्खी केबिन. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी आतून दार ओढून घेतलं आणि मी माझ्या मजल्यावर परत आले.

शाफ्टमधला आवाज सगळ्या मजल्यांवर ऐकू येतो. गच्चीवरून काकांची हाक आली, "ब्रेक सोडतोय!" तळातून मामांची, "ब्रेक सोडतोय!" काका वरून हाताने चाक फिरवून केबिन वर घेणार होते आणि मामा खालून तिच्यावर नजर ठेवणार होते. "केबिन वर घेतोय!" "केबिन वर घेतोय!" कुठेतरी लोखंड कुरकुरलं. "थांब!" मामा ओरडले. "थांब!" काका ओरडले. कुरकुर थांबली.

मग तळातून मामांचा आवाज आला, नेहमीच्याच कामाच्या पट्टीत. "खालचा जिवंत आहे!"

"खालचा जिवंत आहे!" वरून लगेच उलट बोल आला. सवयच ती. आणि मग काका भानावर आले. "ए! फसवतोस होय रे?"

जिन्यातले पेशंट माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलामागून उठून लिफ्टच्या बंद दाराला कान लावून उभी राहिले. तेवढ्यात खालून आवाज आला, आता जरा चिरका.

"मी चुकलो!"

नियम म्हणजे नियम. वरून उलट बोल आला. "मी चुकलो!" आणि पाठोपाठ, "मी कशाला चुकलो? चुकलास तू!"

"मी कशाला चुकलो, चुकलास तू!" मामांनी शब्दाला शब्द परत केला. मग वरून हसू आलं, खालून हसू आलं आणि शाफ्टमध्ये ते दोन्ही असं घुमलं की डॉक्टरीण बाई हातात आरसा घेऊन बाहेर आल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेशंटना वाटलं, माझीही दाढ दुखतेय.

हसणं ओसरलं. वरून काकांनी हाक दिली. या खेपेला आवाज हळू होता, पण शाफ्टमध्ये हळूही ऐकू येतं.

"उद्या निघतोय मी!"

खालून उत्तर नाही.

आम्ही सगळे थांबलो. डॉक्टरीण बाईंनी घड्याळ बघितलं. एका पेशंटने गाल धरून विचारलं, "बंद पडलं का पुन्हा?" मी म्हटलं, "थांबा जरा." काकांनी दुसऱ्यांदा हाक दिली नाही. चाकाला हातही लावला नाही. उलट बोल येईपर्यंत बोट हलवायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. केबिन दोन मजल्यांच्या मधे तशीच लटकून राहिली.

बऱ्याच वेळाने तळातून आवाज आला.

"उद्या निघतोय मी!"

"केबिन वर घेतोय!" काका म्हणाले. "केबिन वर घेतोय!" मामा म्हणाले. लोखंड कुरकुरलं आणि केबिन सावकाश वर सरकायला लागली.

संध्याकाळी काकांना त्यांच्या दारापर्यंत सोडून मामा आणि मी घरी निघालो. मामांच्या कानाला अजून तेल लागलेलं होतं. कोपऱ्यावर ते थांबले.

"खरखर नव्हतीच," मग ते म्हणाले. "पण तो पायांतला मेलेलाही नाही गं. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, एवढंच."