आजोबांबरोबर वाचण्याजोग्या एकांकिका

आजोबांशी फोनवर बोलायचं तरी काय, असं तुम्ही दोघांनी मला विचारलंत. प्रश्न रास्त आहे. "कसे आहात?" याला ते "हं" म्हणतात, "जेवलात?" याला मान हलवतात आणि मग आपण सगळे पडद्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघून नुसते हसत बसतो. धाकट्याचा कॅमेरा हल्ली थोड्याच वेळात बंद पडतो. मी इतकी वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं आहे. बंद पडणं आणि बंद करणं यातला फरक मला कळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात, रविवारी फोन वाजला की आजोबाच खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभे राहायला लागले, तेव्हा मला भीती वाटली. एकदा दोन्हीकडच्यांना गप्प राहायची सवय लागली की ती सुटत नाही.

म्हणून सोबत तीन एकांकिका पाठवते आहे. त्या कशा निवडल्या ते आधी सांगते.

पक्षाघातानंतर आजोबांना समजतं सगळं. हवा तो शब्द तेवढा हाताला लागत नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. कप, छत्री, कंगवा. आजोबांनी दोन दिवस ती बघितली आणि तिसऱ्या दिवशी कंगव्याचं कार्ड उचलून स्वतःच्या टकलावरून फिरवलं. कार्डांचा विषय तिथेच संपला. "मग जे त्यांना पूर्वीपासून येतं ते त्यांच्याबरोबर म्हणा," बाई म्हणाल्या. आरती त्यांना सबंध म्हणता येते, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पण दिवसभर आरती किती म्हणणार?

त्यांना पूर्वीपासून येतं ते नाटक. तुम्ही त्यांना फक्त निवृत्त झालेले पाहिलंत. दिवसा शिवडीच्या गोदामात हिशेब, आणि संध्याकाळी परळच्या एका खोलीत गिरणीतल्या मित्रांबरोबर तालीम, असं त्यांचं तरुणपण गेलं. एका दुपारी मी त्यांच्या हातात एकांकिकेचं पुस्तक दिलं, शेजारी बसून बायकोचं वाक्य वाचलं आणि थांबले. त्यांनी नवऱ्याचं वाक्य म्हटलं. अडखळत, पण पूर्ण. प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. नाटकात ते आधीच लिहिलेलं असतं, समोरच्याचं वाक्य संपून आपला क्यू आला की बोलायचं एवढंच. आणि क्यू ऐकायला आजोबा अजून विसरलेले नाहीत.

आधी मी त्यांच्या काळातल्या जुन्या एकांकिका काढल्या. त्या चालल्या नाहीत. वाक्यं लांबलचक, अर्ध्यातच त्यांचा धीर सुटायचा आणि ते पुस्तक मिटायचे. आजची मुलं मात्र माणसं बोलतात तसं लिहितात. तीन शब्द, की समोरच्याची पाळी. म्हणून मी दादरला एकांकिका स्पर्धा बघायला जायला लागले. आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं, शिट्ट्या आणि आरडाओरडा, मध्ये मी पाण्याची बाटली आणि पेन्सिल घेऊन. एका मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्ही परीक्षक का?" मी म्हटलं, "नाही, ग्राहक."

जिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या ती एकांकिका मी पाठवलेली नाही. रंगमंचावर धूर होता, लाल उजेड होता, बारा मुलं एकाच वेळी धावत होती. मी लेखकाकडून संहिता मागून घेतली आणि घरी वाचली, तर कागदावर धावण्याशिवाय काही नव्हतं. तुम्हाला कुठली एकांकिका आवडली तर आधी ती खुर्चीत बसून वाचून बघा. उरलं काही, तर ती चांगली.

पहिली पाठवते आहे ती भावाबहिणीची. घोडपदेवच्या चाळीत वाढलेल्या एका मुलीने लिहिली आहे. ती दिवसा संगणकाच्या कंपनीत असते. चाळ पडून टॉवर होणार, खोली रिकामी करायची आहे आणि आईचा पाटा-वरवंटा कुणी न्यायचा यावर दोघं भांडतात. नवीन घरात ठेवायला कुणालाच नको आहे आणि टाकून द्यायला कुणीच तयार नाही. एवढीच गोष्ट, पण शेवटी पाट्याला हात लावताना दोघं जे बोलतात ते वाचून मी चहा ठेवायला आत गेले, आणि चहा करायचा नव्हता. परवानगी मागायला तिला फोन केला तर ती हसायलाच लागली.

"अहो आजी, घरी वाचायला कोण परवानगी मागतं?"

"मी मागते."

"बरं बाई, दिली! पण प्रयोग कधी आहे ते सांगा, मी येते."

"रोज चार वाजता. आमच्या हॉलमध्ये. प्रेक्षक नसतात."

ती एका शनिवारी खरंच आली, आजोबांसमोर वेताच्या मोढ्यावर बसली आणि बहिणीचं काम तिने स्वतः वाचलं.

दुसरी लिफ्टची. लालबागच्या नव्या टॉवरमध्ये सोसायटीचे चेअरमन आणि बाविसाव्या मजल्यावर स्वयंपाकाला जाणाऱ्या बाई अडकतात. कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी हा नियम चेअरमननीच केलेला, आणि आज मागची लिफ्ट बंद. बाईंची बोली मालवणी आहे. मोठीने ते काम करावं, उच्चार चुकले तरी चालतील. यात चेअरमनच्या तोंडी एक शिवी आहे. मी ती पेन्सिलीने खोडली होती. आजोबा त्या ओळीशी आले, खोडलेल्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिवी ठणठणीत आवाजात हासडली. इतका स्पष्ट शब्द आम्ही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी म्हटलं, "अहो!" तर त्यांनी पुन्हा म्हटली. शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, "काकी, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "उत्तम आहे." खोडलेलं मी रबराने पुसलं आहे. तुमच्या प्रतीत शिवी जशीच्या तशी आहे. आईला आधी सांगून ठेवा.

तिसरी सगळ्यात छोटी, आणि मला सगळ्यात जवळची. शिवडीच्या धक्क्यावर एक म्हातारं जोडपं फ्लेमिंगो बघायला आलं आहे. समोर नुसता चिखल. पक्षी अजून आलेले नाहीत. बायको विचारते, "दिसले का?" नवरा म्हणतो, "अजून नाही." मध्येच दुर्बीण घेतलेला एक माणूस येतो, दोन-तीन वाक्यं बोलतो आणि जातो. वाचताना वाटतं यात काही घडतच नाही. लेखकाने जागोजागी कंसात 'विराम' लिहिलं आहे. मी शिस्तीची, पण ते कंस मी ओलांडून जात होते. आजोबा थांबले की मला वाटायचं शब्द सापडत नाही. मी लगेच त्यांचं वाक्य पुरवायचे. "अजून—" एवढं मी म्हटलं की ते मान खाली घालायचे. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनी तळहात वर केला, वाहतूक पोलिसासारखा, आणि बोट कागदावर त्या कंसावर ठेवलं. मग चिखलाकडे बघावं तसं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "अजून नाही."

ते अडलेले नव्हते. काम करत होते. त्यानंतर मी घरातसुद्धा त्यांची वाक्यं पुरवणं बंद केलं आहे. चहा हवा की कॉफी, याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. पण उत्तर त्यांचं येतं.

आता मागच्या रविवारचं, कारण धाकटा तेव्हा नव्हता. मोठीला मी हीच एकांकिका आधी पाठवली होती आणि बायकोचं काम दिलं होतं. आजोबांना मी खुर्चीवर बसवून कागद हातात दिला. फोन वाजला तेव्हा त्यांनी गॅलरीकडे बघितलं. पण ते बसून राहिले. मोठीने सुरुवात केली, "दिसले का?" आजोबांनी भिंतीकडे बघितलं.

"आजी, हँग झालं का?" तिने विचारलं.

आजोबांनी तळहात वर केला. तिला, आणि मलाही, कारण माझं तोंड उघडलेलंच होतं.

"अजून नाही," ते म्हणाले.

दुर्बीणवाल्याची वाक्यं मी वाचली आणि ते दोघं शेवटपर्यंत गेले. मग मोठी म्हणाली, "झालं! आजोबा, मस्त वाचलंत." बोलणं संपलं असं धरून मी स्वयंपाकघरात जायच्या तयारीत होते. आजोबा पडद्याजवळ वाकले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"शेवट," ते म्हणाले. मोठी थांबली. शाबास तिची, ती काही बोलली नाही. "शेवट... गिळू नको."

हे वाक्य कागदावर नव्हतं. तालमीत पोरांना ते हेच सांगायचे, वाक्याचे शेवटचे शब्द खाऊ नका, मागच्या रांगेला पोहोचत नाहीत.

"आजोबा!" मोठी ओरडली. "इतक्या दिवसांनी बोललात, ते पण चुका काढायला?"

आजोबा हसले, आणि बोटाने गोल फिरवून खूण केली: पुन्हा, पहिल्यापासून.

तेव्हा या रविवारी मोठी बायको, आजोबा नवरा आणि धाकटा दुर्बीणवाला. त्याची वाक्यं थोडीच आहेत, पण तोपर्यंत कॅमेरा चालू ठेवून चिखलाकडे बघत उभं राहायचं आहे. आणि विराम आला की तो कुणी भरायचा नाही. मी माझ्याही प्रतीवर तसं लिहून ठेवलं आहे.