काच पुसलेलं इंजिन

साळवेबाईंचं नाव आधी घेतो, बाकीचं मग. रूथ साळवे. मूळच्या दौंडच्या, नोकरी केंद्र सरकारची, आयुष्य गेलं दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आणि रिटायर झाल्यावर द्वारकेतल्या एका सोसायटीत. त्या नसत्या तर मी आज फरीदाबादला नसतो. भुसावळला चुलतभावाच्या गॅरेजात मोटरसायकलींच्या टाक्या रंगवत असतो. त्यातही वाईट काही नाही. पण एवढं आधी लिहिलं की हात जरा मोकळा होतो, कारण नववीतून शाळा सुटलेल्या माणसाला कागद समोर आला की घाम फुटतो. चुका पोटात घाला.

भुसावळहून निघालो तेव्हा दुपार होती, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. आईनं बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती खिडकीशी उभी राहून त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा देत होती. अण्णा मात्र डब्याजवळ नव्हतेच. अण्णा म्हणजे माझे वडील. लोको शेडमध्ये खलासी होते, इंजिनं धुण्यापुसण्यात सगळी नोकरी गेली. ते प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला इंजिनापाशी जाऊन उभे होते. "पोरगा चालला नि हा माणूस इंजिन बघून राहिला," आई म्हणाली. गाडी हलली, माझा डबा त्यांच्यासमोरून गेला. हात हलवला नाही. ओरडून एवढंच म्हणाले, "काच साफ आहे रे!"

मला तेव्हा फार राग आला होता. पुढची काच पुसल्याशिवाय इंजिन शेडबाहेर सोडायचं नाही, हे त्यांचं घरातलंही बोलणं. आरसा, घड्याळ, आईचा चष्मा, दिसेल ती काच पुसत सुटायचे. मुलगा परमुलखात चाललाय आणि हे काचेचं सांगतायत.

दिल्लीला लागूनच असलेल्या फरीदाबादला एका डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये लागलो. ओळखीतलाच एक जण तिथे होता, त्याच्या खोलीत राहिलो, मग दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. कुठेच पाठ टेकेना. खोली चांगली असली तर वाटायचं, ही जाईल. मालक हसून बोलला तर वाटायचं, आता हा काढणार. कोणी नुसतं "पढ़ाई कहाँ तक?" विचारलं की मी "बस, थोड़ी बहुत" म्हणून सँडपेपर उचलायचो.

बाई तिथे आल्या त्या शेजारच्या लेथवाल्याकडून पितळेचे बारीक भाग करवून घ्यायला. मग आमच्याकडे वळल्या आणि मालकाला म्हणाल्या, थोडासा हिरवा रंग बनवून पाहिजे, वाटीभर. मालक हसला, "मॅडम, कटोरी भर? यहाँ तो बाल्टी से काम होता है."

मी खाली बसून दरवाजा घासत होतो. आपलं मराठी इथे कोणाला कळतंय, अशा खात्रीनं पुटपुटलो, "आता ही बाई पोपट रंगवणार की काय."

त्या वळल्या. "पोपट नाही रे, इंजिन. कुठला तू?"

धरणी दुभंगावी असं झालं. "भुसावळ," मी म्हणालो.

"अच्छा! मग मालगाडीच्या इंजिनाचा हा हिरवा तुला येत नाही असं सांगूच नकोस."

असा मी रविवारी मेट्रोनं द्वारकेला जाऊ लागलो. मंडी हाऊसला गाडी बदलायची, पुढे ब्लू लाइन. बाईंच्या घरात लोक जिथे पाहुण्यांचा पलंग ठेवतात त्या खोलीत प्लायवूडचं मोठं टेबल होतं, त्यावर बोटाएवढ्या रुंदीचे रूळ, सिग्नल, एक यार्ड. इंजिनं हातभरसुद्धा लांब नाहीत, पण खरी धावायची. आपल्याकडची इंजिनं दुकानात सहसा तयार मिळत नाहीत. बाई परदेशी मोटर आणि चाकं आणायच्या, आणि वरची बॉडी प्लास्टिकच्या शीटमधून कापून स्वतः उभी करायच्या. क्वार्टरमध्ये जागा नव्हती तेव्हा हे सगळं पलंगाखालच्या ट्रंकेत राहायचं. हल्ली त्यांचा हात थरथरायला लागला होता. पिवळा पट्टा सरळ येईना, म्हणून मी.

पहिल्याच दिवशी मी गाडीला देतो तसा रंग मारला आणि बाईंनी कपाळाला हात लावला. "सगळे रिव्हेट बुजवलेस! रंगाचा थर नको रे, नुसता वास लागला पाहिजे." ती बॉडी त्यांनी माझ्याकडूनच खरवडून घेतली. पुन्हा मारली, पुन्हा खरवडली. एकदाही आवाज चढवला नाही. मी मात्र प्रत्येक वेळी मनात गाठोडं बांधून तयार असायचो, की आता म्हणतील, उद्यापासून येऊ नको.

शेवटी मालगाडीचं एक हिरवं इंजिन मनासारखं झालं. आरशासारखं चमकत होतं. बाजूला बारीक अक्षरात शेडचं नाव घातलं, भुसावळ. आपल्याकडे प्रत्येक इंजिनावर त्याच्या शेडचं नाव असतं, ते देशात कुठेही का धावेना.

"छान," बाई म्हणाल्या. "आता मळव."

"काय?"

"शोरूममधली कार आहे का ती? कोळसा ओढतं ते. मळव बिनधास्त."

माझा हातच उठेना. मग शिकलो. पातळ तपकिरी फवारा, वर रंगीत खडूची पूड, चाकांजवळ ब्रेकची तांबूस धूळ, छतावर काजळी. शेवटी मॅट वार्निश मारायचं, की पक्कं. त्याआधी नुसतं बोट लागलं तरी पूड निघते. अण्णांना फोनवर सांगितलं की मी इंजिन मळवायला शिकतोय. मग म्हणाले, "दिल्लीत याचाही पगार देतात का?"

त्याच सुमारास मालक वर्कशॉप बंद करायचं बोलू लागला. मी घरी सांगितलं नव्हतं, पण आईला आवाजावरून कळतं. अण्णा आले ते परतीची दोन तिकिटं काढूनच, एक त्यांचं, एक माझं. सोमवारची गाडी. "चुलतभाऊ जागा ठेवून बसला आहे. बस झालं आता." आणि आदल्या दिवशी, रविवारी, गुरुग्राममध्ये अशा हौशी लोकांचा मेळावा होता. बाई तिथे माझं हिरवं इंजिन ठेवणार होत्या. कोणी काम दिलं तर मी राहणार, नाही तर अण्णांबरोबर जाणार. बाईंशी तसं बोलणं झालं होतं. अण्णांशी नव्हतं.

शनिवारी त्यांना द्वारकेला नेलं. सोफ्याच्या कडेवर बसले, चहाची बशी दोन्ही हातांत धरून. बाईंनी दौंड-मनमाडच्या गोष्टी काढल्या तेव्हा जरा मागे टेकले. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो. इंजिन यार्डात उभं होतं, मळवून पूर्ण, वार्निश संध्याकाळी मारायचं ठेवलेलं. अण्णा वाकले, भुसावळ वाचलं. खिशातून रुमाल काढला, पुढच्या काचेवर "हाऽ" करून वाफ सोडली आणि पुसायला लागले.

माझ्या कित्येक रविवारांची मेहनत त्या रुमालावर उतरत होती. मी झेपावलो. बाईंनी मनगट पकडलं. त्यांचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती. "पुसू दे," त्या हळूच म्हणाल्या.

अण्णांनी एका टोकाच्या काचा पुसल्या, मग दुसऱ्या टोकाच्या. दिवा पुसला. नंबर आणि शेडचं नाव पुसून लख्ख केलं. बाकी अंगाला हात लावला नाही. "अशी कशी सोडता गाडी? ड्रायव्हरला दिसणार काय?" असं इंजिनालाच म्हणाले. मग रुमालाकडे बघितलं, हुंगला. "ही घाण खोटी आहे का रे?"

"हो अण्णा."

"खरी वाटली."

मला सगळं पुन्हा करायचं होतं. बाई म्हणाल्या, हात लावायचा नाही, वार्निश मार. मारलं.

मेळाव्यात मी खांबाआड उभा होतो. पुण्याचा एक आयटीवाला त्या इंजिनापाशी आला तो हलेचना. "यार, या काचा एवढ्या साफ कशा केल्यास? टेप लावून?"

"नाही. वडिलांनी पुसल्या."

त्याला वाटलं मी मजा करतोय. हसला. म्हणाला, "माझी इंजिनंही अशीच करून दे ना." शिक्षण विचारलं तर काय सांगायचं, ते मी घोकून ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. मागून आणखी एक जण काम घेऊन आला, त्यानंही नाही.

सोमवारी निजामुद्दीनला अण्णा सामान डब्यात ठेवून थेट इंजिनाकडे निघाले. या वेळी मीही मागे गेलो. कालचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, इंजिनाची काच निरखली, मग म्हणाले, "शेडात उभ्या राहिलेल्या इंजिनाला आम्ही काय म्हणायचो माहीत आहे का? सिक. आजारी." मग खिशातली तिकिटं चाचपून, "तुझं तिकीट राहू दे. पाय पसरून जाईन मी."

आता माझ्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, त्यावर लोकांची इंजिनं. गाझियाबाद, तुघलकाबाद, कल्याण, कुठली कुठली. जिवाची धाकधूक गेलेली नाही. प्रत्येक इंजिन परत देताना वाटतं, आता हा चूक काढणार. भुसावळला जातो तेव्हा आई म्हणते राहा अजून, आणि अण्णा माझ्या गाडीची वेळ विचारायला लागतात. पूर्वी लागायचं ते. हल्ली समजतं. इथे वार्निश मारायच्या आधी मी दार लावून घेतो, काचेवर वाफ सोडतो, रुमालानं पुसतो. तेवढा वेळ मी घरी असतो.

बाई, तुमच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात पितळेचं एक वाफेचं इंजिन अर्धवट पडलंय. दौंडच्या यार्डात तुमचे वडील चालवायचे, त्या इंजिनासारखं. हात थरथरायला लागला तेव्हा तुम्ही झाकण लावलंत, ते पुन्हा उघडलं नाहीत. तो डबा मला द्या. कधी होईल ते विचारू नका, रंगाचा नुसता वास लावायला मला अजून वेळ लागतो. पण ते मी पूर्ण करीन, दौंड लिहीन, मळवीन आणि तुमच्या टेबलावर धावतं करून देईन. काच तेवढी तुम्ही पुसा.