मागचं बूच

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी चारलाच आमची लेथ धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून तयार होती. पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, त्यामुळं इतकी घाई करायचं काही कारण नव्हतं. पण कामं आटोपून टाकायची मला सवय आहे.

उद्यमनगरात माझं गाड्यांचं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली बावीस वर्षं मी चालवते. हेडमिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणे. ते मला अक्का म्हणत. मी दहा वर्षांची असताना, पान्यावरचा नंबर न बघता नुसत्या बोल्टकडं बघून पाना कसा उचलायचा हे त्यांनी शिकवलं, तेव्हापासून अक्का. खंडेनवमीला नारळ तेच फोडायचे. "हत्यारं माझी, पूजा तुमची, खोबरं दोघांचं," असं दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी मोठा तुकडा घ्यायचे.

त्या दुपारी गॅरेजात एक लाल गाडी उभी होती. दोन सीटांची, छप्पर मागं पडणारी, इतकी बुटकी की शेजारच्या जीपच्या चाकाएवढीच वाटावी. मालकांची शिरोलीला फाउंड्री आहे. वय चाळिशीचं, हौस विशीची. गावात अशा गाड्यांचे चार-पाच हौशी आहेत, त्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि एकानं गाडीला काही केलं की बाकीच्यांना ते करावंसं वाटतं.

या शेठना गाडीच्या दोन नळ्या काढून हव्या होत्या. इंजिन ज्या तोंडातून हवा ओढतं, त्या तोंडाभोवती या बारीक नळ्या इंजिनातलं गरम पाणी फिरवतात. ज्या देशात गाडी बनली तिथं थंडीत ते तोंड गोठू नये म्हणून ही सोय. "हितं पांढरा रस्सा गोठंना, इंजिन काय गोठतंय!" चाचा म्हणाले. नळ्या गेल्या की हवा जरा गार मिळते, असा त्या ग्रुपचा विश्वास होता. आम्हाला काय, सांगितलं ते काम.

नळ्या काढणं सोपं असतं. पण काढल्यावर इंजिनाकडची दोन तोंडं उघडी राहतात आणि तिथून दाबाचं उकळतं पाणी बाहेर यायला बघतं. त्या तोंडांना बूच मारावं लागतं. बूच रबराचं चालतं: टोपीसारखं चढवायचं, वरून क्लिप आवळायची, पाच मिनिटांत मोकळं. नाहीतर पितळी: ते नळीचं टोक आट्यांतून फिरवून काढायचं आणि त्याच आट्यांचं बूच लेथवर करून तिथं बसवायचं. परदेशी गाडी, माप बाजारात मिळत नाही. दोन बुचांना तास-दीड तास जातो.

चाचांनी माप घेऊन पितळेचा तुकडा आधीच काढून ठेवला होता. लेथवरचं कुंकू बघून ते थांबले.

"अक्का, जरा घाई केलीसा."

"राहू दे चाचा. आता परत लेथ नको. तेल उडणार, सगळं पुन्हा पुसायचं. आत्ता रबर लावू. दसरा झाला की बोलावून पितळी घालू."

"गरम पाण्याला रबर म्हंजे पावणा. आज हाय, उद्या न्हाय. शेठना सांगा की, गाडी दसऱ्यानंतर न्या म्हणून."

"त्यांना दसऱ्याला पूजेला पाहिजे."

"मग देवाला सांगा तासभर थांबायला. मी सांगू? माझं बोलणं हाय त्याच्याशी."

मी हसले आणि नको म्हटलं. माझ्या त्या नकाराशी देवाचा काही संबंध नव्हता. लेथ दुसऱ्यांदा पुसायचा मला कंटाळा आला होता, एवढंच. चाचांना मी पाच वाजता घरी पाठवलं आणि बुचं स्वतः लावली. पुढचं सोपं होतं. मागचं इंजिन आणि पत्र्याच्या मधल्या बेचक्यात होतं. तिथं चाचांचा पंजा जातच नाही, माझा जातो. दिसत काही नाही, बोटांनीच चाचपायचं. रबरी टोपी खणातल्या जुन्या डबीत सापडली. जरा कडक लागली हाताला. लागली हे मला तेव्हाही कळलं होतं.

संध्याकाळी शेठ आले. "ताई, काम पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं.

दसऱ्याला ते झेंडूचे हार घातलेली गाडी घेऊन मुद्दाम गॅरेजवर आले. आपट्याची पानं हातावर ठेवून म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." मी घेतलं.

नंतर कामं पडली. दसऱ्यानंतर नेहमीच पडतात. चाचांनी एकदा विचारलं, "लाल गाडी बोलावली का?" मी म्हटलं, बोलावते. आठवड्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. एक फोन करायचा होता. पण फोन करायचा म्हणजे "पक्कं" म्हटलं ते पक्कं नव्हतं, हे सांगणं आलं.

दिवाळी झाल्यावर शेठ बायकोला घेऊन कोकणात गेले. परत येताना करूळ घाट चढताना मागचं बूच फुटलं. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा गाडी थांबवायला जागा नव्हती, पुढच्या वळणापर्यंत तशीच चढवली. तेवढ्यात इंजिनाचं हेड वाकलं. दोघं नवरा-बायको दोन तास घाटात कठड्याशी उभे. मग टेंपोवर घालून गाडी आणली.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात आले ते थेट चाचांकडं. गॅरेजात गिऱ्हाईकं होती. शेठ कुणासाठी थांबले नाहीत.

"मिस्त्री, हे काय लावलंतं? सायकलच्या ट्यूबचा तुकडा? माझी बायको गाडीत होती!"

त्यांनी फोन पुढं केला. घाटातच, बेचक्यात फोन घालून काढलेला फोटो: फाटलेली टोपी आणि तिच्यावरची क्लिप. चाचांनी फोन हातभर लांब धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, डाव्या हाताकडं. मी डावखुरी आहे. मी आवळलेल्या क्लिपचा स्क्रू उलट्या बाजूला तोंड करून असतो. हे त्यांना माझ्या दहाव्या वर्षापासून माहीत आहे.

"चुकलं, शेठ," ते म्हणाले. "माझ्या नजरंतनं सुटलं."

"वय झालं मिस्त्री तुमचं. घरी बसा आता."

मी टेबलापाशी, तीन पावलांवर उभी होते. मला कुणी अडवलं नव्हतं. शेठनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, कारण बाई बॉनेटात हात घालते हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. एरवी याच गोष्टीचा मला राग येतो. त्या दिवशी मी त्याच गोष्टीआड उभी राहिले. बोलले ते एवढंच, "आम्ही दुरुस्त करून देऊ."

आम्ही. किती सोयीचा शब्द आहे.

"नको ताई. पुण्याला नेतो."

गॅरेज बंद करताना मी म्हटलं, "चाचा, मी उद्या शेठना..."

"किल्ल्या खुंटीला लावल्यात, मॅडम," ते म्हणाले आणि गेले. मॅडम पहिल्यांदाच.

त्या उद्याला मी बोलले नाही. परवाही नाही. ग्रुपवर काय गेलं ते मला कळत होतं, कारण गिऱ्हाईकं येऊन हळूच सांगायची, "ताई, तेवढं मिस्त्रींना हात लावू देऊ नका हं. तुम्ही लक्ष घाला." मी मान डोलवायची. महिन्याभरानं चाचा म्हणाले, डोळं चालत न्हाईत. कागलला जावयाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं बसतो. चष्मा त्यांनी त्याच वर्षी नवा केला होता. मी थांबवलं नाही. ते गेले त्या दिवशी मला मोकळं वाटलं, हेही लिहायला हवं.

पुढची खंडेनवमी आली. हत्यारं मीच धुवायला काढली. चाचांच्या जुन्या खणात मागं एक पुडी होती. दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, ग्रीसनं तेलकट झालेलं. आत तारेत ओवलेली दोन पितळी बुचं. पान होतं गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं, एकादशीचं. मी बँकेत वगैरे गेले असताना त्यांनी ती करून ठेवली होती आणि माझ्या फोनची वाट बघत होते. शेठ ओरडत होते तेव्हाही ती त्याच खणात होती. खण ओढला असता तर सगळ्यांना कळलं असतं की चूक कुणाची. त्यांनी तो ओढला नव्हता.

पूजा उरकून मी शिरोलीला गेले. शेठ फाउंड्रीच्या ऑफिसात होते. बसा म्हणायच्या आत मी सांगितलं, की ते बूच मी लावलं होतं, चाचा नको म्हणत होते.

शेठ हसले. "ताई, तुमचं मन मोठं हाय बघा. म्हाताऱ्यासाठी किती करताय."

"मन लहान आहे, म्हणून तर वर्ष लागलं."

"अवो, तुम्ही कशाला बॉनेटात हात घालताय? ऱ्हाऊ दे. मी विसरलोय ते. चहा सांगू?"

असं होईल हे मला सुचलं नव्हतं. खरं सांगूनही मीच चांगली ठरत होते. तेवढ्यावर उठले असते तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माझं कौतुक झालं असतं.

"तो फोटो आहे का अजून?"

होता. मी फाउंड्रीच्या स्टोअरमधून नळीवरची तसलीच एक क्लिप आणि स्क्रूड्रायव्हर मागवला, क्लिप त्यांच्या पेनावर चढवली आणि डाव्या हातानं आवळली. मग फोनशेजारी ठेवली. "हे बघा स्क्रूचं तोंड. चाचा उजव्या हातानं आवळतात."

शेठनी पेन उचललं, फोटो बघितला, पुन्हा पेन बघितलं. हसू गेलं.

"मी त्यांना चारचौघांत बोललो," ते म्हणाले. "तुम्ही तिथंच होता की."

"होते."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत." हे खरं होतं, आणि उत्तर नव्हतं. म्हणून पुढं म्हटलं, "भ्याले."

ते मला बाहेर गाडीपाशी घेऊन गेले, बॉनेट उघडलं. पुण्याच्या लोकांनीही रबरच लावलं होतं. नवं, चकचकीत, दोन-दोन क्लिपा.

शेठ रविवारी एकटेच कागलला जाऊन आले, आणि ग्रुपवर खरं काय ते त्यांनी लिहिलं. मी गुरुवारी गेले. चाचा दुकानासमोर खुर्चीत बसून बेअरिंगं निवडत होते.

"या मॅडम. चहा घेणार?"

मी पुडी पुढं केली. त्यांनी एका बुचाच्या आट्यांवरून अंगठा फिरवला.

"शेठ आलते," ते म्हणाले. "पायाच पडाय लागले. म्हटलं उठा, ग्रीस हाय खाली, पँट खराब हुईल."

"चाचा, माझं चुकलं. तेव्हाच बोलायला..."

"बुचाखालची तांब्याची वायसरं नवी हायत का?"

"आहेत."

"जुनी घालू नका."

मी म्हटलं, "तुम्ही गॅरेजला या. तुमच्या हातानं बसवा."

"शेठ गाडी हितंच आणत्यात रविवारी." त्यांनी एक बूच स्वतःच्या खिशात टाकलं आणि दुसरं माझ्या तळहातावर ठेवलं. "पुढचं मी बसवीन. मागं माझा हात जात न्हाय. तुमालाच यायला लागंल, मॅडम."

रविवारी गेले तर लाल गाडीमागं आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. ग्रुपमधले चौघं-पाचजण आले होते. चाचांनी इंजिन गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग पुढचं बूच बसवलं, पुसलं आणि बाजूला होऊन बॅटरीचा उजेड धरला. मी बाही वर करून वाकले तेव्हा मागून एकजण म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच बसवा की दोन्ही. मॅडमना कशाला त्रास?"

"मागचं बूच मॅडमच बसवत्यात," चाचा म्हणाले. "पहिल्यापासनं."

मी हात आत घातला. बेचक्यात दिसत काही नव्हतं. बोटांना आटे लागले, बूच सरळ गेलं. "पितळ हाय," वरून चाचांचा आवाज आला, "जोर दिला तर आटं जातील. दोन बोटांनीच." मी दोन बोटांनी आवळत राहिले.